गिऱ्हाइकाची आठवण : मुंबईच्या लोपलेल्या मद्यगृहांचा आणि संगीतस्थळांचा इतिहास

१

मुंबईत मद्य देणाऱ्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'परमिट रूम' हे दोन शब्द आजही वाचायला मिळतात. शब्द इंग्रजी असले तरी त्यांचा जोडून होणारा अर्थ इंग्रजीच्या मायदेशी कोणाला लागणार नाही. तो समजण्यासाठी १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा ठाऊक असावा लागतो. या कायद्याने मद्य बाळगणे आणि पिणे हा अपराध ठरविला आणि त्याच वेळी परवानाधारकापुरता अपवादही निर्माण केला. हा अपवाद जेथे उपभोगता येई ती खोली म्हणजे परमिट रूम. पुढे बंदी सैल झाली, परवाना हा बहुतेकांच्या लेखी उपचार ठरला. परंतु कायदा रद्द झाला नाही आणि शब्दही मावळला नाही. विरंगुळ्याच्या जागेला तिच्यावरील बंदीचेच नाव मिळावे, ही भाषेच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

या क्षेत्रातील शब्दसंपदा पाहिली तर 'परमिट रूम' हा एकटा नाही असे दिसते. 'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता. सरकारकडून मद्यविक्रीचा मक्ता घेणाऱ्याच्या दुकानालाच पुढे गुत्ता म्हणू लागले. म्हणजे हा शब्द महसुलाच्या व्यवहारातून आला. 'पिठा' हा दुकानाचा, 'अड्डा' हा पोलिसी नजरेचा, 'आंटी' हा वरकरणी नात्याचा, 'क्लब' आणि 'जिमखाना' हे सभासदत्वाचे, तर 'बैठक' हा संगीताचा शब्द. पेला तोच असेल, गाणेही कदाचित तेच असेल. परंतु जागेचे नाव बदलले की तेथे बसणाऱ्याची पत बदलते आणि तेथे राबणाऱ्याचीही. शहराच्या लोपलेल्या मद्यगृहांविषयी आणि संगीतस्थळांविषयी अलीकडे जे विपुल लेखन होत आहे, त्याचा विचार या नामव्यवस्थेपासून सुरू करावा लागतो. कारण कोणती जागा आठवायची आणि कोणती विसरायची हेही पुष्कळ अंशी याच नावांनी ठरविले आहे.

स्मरणरंजनाच्या या लेखनात आठवण सांगणारा बहुधा गिऱ्हाईक असतो. त्याला रात्र आठवते, दिवे आठवतात, वाद्यवृंदाची धून आठवते. वाजविणाऱ्याला त्या रात्रीचे किती मिळाले, ओतणारीच्या घरी दुसऱ्या दिवशी पोलीस आले की नाही, हे त्याच्या आठवणीच्या कक्षेत सहसा येत नाही. मोरिस हाल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली असे प्रतिपादन केले होते, की व्यक्तीची आठवण तिच्या गटाने पुरविलेल्या चौकटीतच आकार घेते. मुंबईच्या बाबतीत ही चौकट कोणती होती आणि तिच्या बाहेर काय राहिले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

मुंबईच्या संगीतस्थळांपैकी सर्वाधिक आठवले गेलेले स्थळ म्हणजे १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलचे नृत्यदालन. १९३५ साली लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन येथे आला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांची नावे या दालनाशी जोडली गेली. मायदेशी वर्णभेदाने गांजलेल्या या कलावंतांनी वसाहतीच्या राजवटीतील एका बंदरात, युरोपीय पाहुणे, संस्थानिक आणि धनिक भारतीय यांच्यापुढे जॅझ वाजविला. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथाने या कालखंडाचा तपशीलवार इतिहास मांडला. त्या ग्रंथाचे महत्त्व असे, की तो दालनातील झगमगाटावर थांबत नाही. वादकांच्या मागोमाग तो धोबीतलावपर्यंत जातो.

धोबीतलावला जाणे आवश्यक आहे, कारण तेथे 'कूड' होती. कोकणीत कूड म्हणजे खोली. गोव्यातील एकेका गावाने मुंबईत चालविलेली ही सामायिक वसतिस्थाने. आगबोटीवरची नोकरी मिळेपर्यंत, दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात किंवा शहरात काम शोधताना गावचा माणूस तेथे ट्रंक ठेवी आणि रात्री सतरंजी पसरी. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होई, गावच्या संताचा सण साजरा होई. इंग्रजीत या कुडींना 'क्लब' म्हणत. जेर महाल या इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. एकाच शहरात 'क्लब' या एका शब्दाचे दोन अर्थ नांदत होते : एक क्लब गिऱ्हाइकाचा, दुसरा त्याच्यापुढे वाजविणाऱ्याचा. पहिल्याची छायाचित्रे, जेवणाची छापील पत्रके आणि ध्वनिमुद्रिका उरल्या. दुसऱ्याच्या वाट्याला गावची वही, भिंतीवरची वेदी आणि ट्रंकांची रांग.

गोमंतकीय ख्रिस्ती वादकांच्या हाती जे कौशल्य होते ते गोव्यातील चर्चच्या शाळांतून आलेले होते. तेथे 'मेस्त' मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. कागदावरची स्वरलिपी पाहून तत्काळ वाजविता येणे ही पोटापाण्याची विद्या ठरली. आल्दोना गावचे आंतोनियो शाविएर वाझ (१९१६–१९६७) हे 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत गाजले. ट्रंपेटवादनामुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तीच गोष्ट अंथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांची. ही मंडळी रात्री नृत्यदालनांत आणि दिवसा ध्वनिमुद्रणगृहांत वाजवीत. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात; परंतु त्यांचा मोठा वाटा पडद्यामागच्या वाद्यमेळाच्या रचनेत होता. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात अशा वादकांनी स्वतः सांगितलेली हकिकत सापडते. तीत रात्रीच्या रम्यतेपेक्षा कामाच्या पाळ्यांचा, मजुरीचा आणि श्रेयनामावलीतून गळलेल्या नावांचा हिशेब अधिक आहे. एकाच काळाच्या या दोन कथनांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. गिऱ्हाइकाच्या कथनाचा काळ 'त्या रात्री' असा असतो. वादकाच्या कथनाचा काळ 'त्या वर्षी कोठे काम होते' असा.

३

या जगाचा अंत कसा झाला याविषयी स्मरणरंजनाचे उत्तर ठरलेले असते : काळ बदलला, अभिरुची खालावली, जुने लोक गेले. इतिहासाचे उत्तर यापेक्षा नेमके आहे. मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने केला. काँग्रेसची मंत्रिमंडळे त्याच वर्षाच्या अखेरीस पायउतार झाली आणि तो प्रयोग विसकटला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा गाभा वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यासंबंधीच्या तरतुदींसह काही तरतुदी मात्र रद्द केल्या. लष्करी भोजनगृहांना दिलेली सूटही न्यायालयाने ग्राह्य मानली. म्हणजे कोणी कोठे प्यावे यासंबंधीचे वर्गीकरण हा या कायद्याचा आरंभापासूनच भाग होता.

या बंदीचे संगीतावर दोन परिणाम झाले. मद्याच्या विक्रीवर उभे असलेले नृत्यदालनांचे अर्थकारण कोसळले आणि वादकांचा ओघ चित्रपटसंगीताकडे वळला. हिंदी चित्रपटगीतांतील पन्नाशीच्या दशकाच्या भरगच्च वाद्यमेळामागे जी कारणे आहेत त्यांत दारूबंदी हेही एक आहे. दुसरा परिणाम असा, की चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे पुढच्या वीर नरिमन मार्गावर, वाद्यवृंद ठेवणारी उपाहारगृहे टिकून राहिली आणि नवी निघाली. १९५६ साली सुरू झालेले गेलॉर्ड हे त्यांतलेच. ॲस्टोरिया हॉटेलमधील व्हेनिस येथे ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदासोबत लोर्ना ही गायिका गाऊ लागली. या दोघांच्या कोकणी गीतांना पुढे गोव्यात जी लोकप्रियता लाभली, तिच्यामागे या रस्त्यावरचा जॅझ आहे. जॅझ परका आणि कोकणी गीत देशी, अशी सोयीची विभागणी येथे टिकत नाही. मुंबईच्या एका रस्त्यावर परक्या वाद्यरचनेत मुरलेली धून गोव्यात जाऊन गावची होते. देशीयतेची चर्चा करणाऱ्या मराठी समीक्षेने या प्रवासाकडे पाहायला हवे होते.

बंदीचा आणखी एक परिणाम वस्त्यांमध्ये झाला. दारू नाहीशी झाली नाही. ती घरात शिरली. माझगाव, धोबीतलाव, वांद्रे येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत स्त्रियांनी बाहेरच्या खोलीत दोन बाकडी टाकून चोरटी विक्री सुरू केली. 'आंटी' हा शब्द शहराच्या बोलीत एका व्यवसायाचे नाव म्हणून रूढ झाला तो याच काळात. धारावीच्या आणि खाडीकाठच्या वस्त्यांत हातभट्ट्या लागल्या. आंटीचा अड्डा हे खऱ्या अर्थाने वस्तीतले मद्यगृह होते : पाटी नसलेले, उधारीवर चालणारे, गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणारे. हिंदी चित्रपटाने या स्त्रीला विनोदी पात्र केले आणि ख्रिस्ती माणूस म्हणजे दारू हे समीकरण रुजविले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील अँथनी देशी दारूचे दुकान चालवितो, आणि त्याचे नाव मात्र प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणाऱ्या अंथनी गोन्साल्विस यांच्यावरून आले आहे. संगीतगुरूच्या नावाने दारूविक्रेता उभा राहावा, यात निर्मात्यांचा हेतू आदराचाच होता. तथापि लोकप्रिय कल्पनेत या समाजासाठी कोणती जागा आधीच राखून ठेवली होती, तेही त्यातून उघड होते.

हातभट्टीच्या दारूविषयी स्मरणरंजन शक्य नाही, हे येथेच नमूद करायला हवे. मालाडमधील मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. ज्या नामव्यवस्थेत एक जागा 'परमिट रूम' होते आणि दुसरी 'अड्डा' राहते, तिची किंमत कोठे चुकविली जाते याचे हे उदाहरण. जुन्या मद्यगृहांच्या आठवणींचे जे ग्रंथ निघतात त्यांत अशा मृत्यूंना स्थान नसते. ते वृत्तपत्रांच्या गुन्हेवृत्तात असतात. एकाच शहराच्या एकाच सवयीचा इतिहास अशा रीतीने दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांत विभागला गेला आहे.

४

मराठी साहित्याने या जागांकडे कसे पाहिले? राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' (१९१९) हे नाटक या बाबतीत दीर्घकाळ प्रमाण ठरले. त्यातील 'आर्य मदिरा मंडळ' हा मराठी वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध मद्यपी क्लब. सभा, ठराव, भाषणे असा सुधारकी संस्थांचा सारा थाट या मंडळाला आहे, आणि त्यातूनच त्याचा विनोद निर्माण होतो. पण मंडळाच्या दाराबाहेर, सुधाकराच्या घरात, नाटकाची शोकांतिका घडते. मद्याची जागा ही घराची वैरीण, आणि तिचा न्याय सोसणाऱ्या गृहिणीच्या बाजूनेच व्हायचा, हा साचा येथे पक्का झाला. या साच्यामागे स्त्रियांचे खरेखुरे दुःख आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु या साच्यात दुसरी एक स्त्री दिसेनाशी होते. सिंधूच्या तोंडी असलेली जी पदे बालगंधर्वांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली, त्यांच्या चालींत सुंदराबाई जाधव या बैठकीच्या गायिकेचा वाटा होता. व्यसनाविरुद्धच्या सर्वांत प्रभावी मराठी नाटकाचे स्वर अशा प्रकारे मध्यमवर्गाने घराबाहेर ठेवलेल्या मैफलीच्या जगातून आले. गृहिणीची व्यथा व्यक्त व्हायला बैठकीची चाल लागली. आठवणीत मात्र व्यथा राहिली आणि बैठक गेली.

साठीच्या दशकात हा साचा मोडला. जयवंत दळवी यांची 'चक्र' (१९६३) आणि भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) यांनी झोपडपट्टी आणि नाका हे अवकाश कादंबरीत आणले. 'वासूनाका'वर अश्लीलतेचा आरोप झाला आणि आचार्य अत्रे यांच्यासारख्यांनी तिच्यावर कठोर टीका केली. त्या वादात नैतिकतेची चर्चा खूप झाली, जागेची झाली नाही. घर आणि कारखाना यांच्या मधली, कोणाचीही नसलेली जागा कादंबरीचे केंद्र होऊ शकते, हा या लेखनाचा मुद्दा होता. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) याच्या पुढचे पाऊल टाकले. विजय तेंडुलकर यांनी त्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत मध्यमवर्गीय वाचक कवीला शब्दांचे अर्थ विचारतो आहे अशी भूमिका दिसते. तिचे वाङ्मयीन महत्त्व असे, की मराठीत प्रथमच गिऱ्हाईक अनभिज्ञ ठरले आणि वस्तीत वाढलेला माणूस जाणकार. शब्दांची सत्ता बदलली. गुत्त्याकडे आणि अड्ड्याकडे बाहेरून पाहणारी दृष्टी येथे संपते, आणि त्यामुळेच 'गोलपिठा' हा स्मरणरंजनाचा विषय होऊ शकत नाही.

तरीही एक रिकामी जागा उरली. धोबीतलाव गिरगावपासून पायी अंतरावर आहे. परंतु गिरगावने वाढविलेल्या मराठी कथा-कादंबरीत धोबीतलावचा वादक किंवा माझगावची आंटी पूर्ण मनुष्य म्हणून क्वचितच येते. 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) सारखी कादंबरी मराठीत लिहिणाऱ्या किरण नगरकर यांनी 'रावण अँड एडी' (१९९५) मध्ये माझगावच्या चाळीत खालच्या मजल्यांवर हिंदू आणि वरच्या मजल्यावर गोमंतकीय ख्रिस्ती अशी रचना कल्पिली, ती इंग्रजीत. मराठी लेखकाच्या प्रतिभेत वरचा मजला उतरला तोवर त्याने भाषा बदललेली होती. याचा दोष एका लेखकावर टाकता येणार नाही. शेजाऱ्याविषयी बोलण्याची सवय एखाद्या वाङ्मयाने लावून घेतली नसेल, तर शेजारी दुसऱ्या भाषेत निघून जातो.

५

संगीतस्थळांचा विचार केवळ जॅझपुरता मर्यादित ठेवणे हीदेखील एक वर्गीय सवय आहे. मुंबईत एका घराण्याला वस्तीचे नाव मिळाले आहे : भेंडीबाजार घराणे. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून येऊन या मोहल्ल्यात राहिले. इतर घराणी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा दरबारी नगरांची नावे सांगत असताना हे घराणे एका बाजाराचे नाव सांगते. गोमंतकातून आलेल्या अंजनीबाई मालपेकर या नझीर खाँच्या शिष्या. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याही गोव्याहून आलेल्या. एकाच भूमीतून निघालेले दोन प्रवाह अशा प्रकारे दक्षिण मुंबईत शेजारी शेजारी वाहत होते : चर्चच्या शाळेतून आलेले पुरुष वादक धोबीतलावला, आणि देवळाशी बांधलेल्या कुटुंबांतून आलेल्या गायिका गिरगावच्या परिसरात. दोघांचाही गुजारा दुसऱ्यांच्या विरंगुळ्यावर चाले. या दोघांचा एकत्र इतिहास मात्र लिहिला गेला नाही; पाश्चात्य संगीत आणि हिंदुस्थानी संगीत ही अभ्यासशाखांची भिंत मध्ये राहिली.

तेजस्विनी निरंजना यांनी 'म्युझिकोफिलिया इन मुंबई' (२०२०) या ग्रंथात गिरगावातील ट्रिनिटी क्लबसारख्या स्थळांकडे लक्ष वेधले आहे. येथे गवई, तबलजी आणि शौकीन संध्याकाळी जमत. गाणे होई आणि गाण्याविषयी बोलणेही होई. दरबार गेला आणि तिकिटाची मैफल अजून स्थिरावली नव्हती, त्या मधल्या काळात रसिक घडविण्याचे काम अशा जागांनी केले. प्राध्यापक बी. आर. देवधर यांचे १९२५ मध्ये सुरू झालेले संगीत विद्यालय हे याच परिसरातले. तेथे कुमार गंधर्व घडले हे सर्वज्ञात आहे. या जागांना 'क्लब' वा 'विद्यालय' ही प्रतिष्ठेची नावे मिळाल्यामुळे त्यांचा इतिहास संगीताच्या इतिहासात सामावला गेला.

गिरणगावाला हे भाग्य लाभले नाही. लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये गिरणी कामगारांपुढे तमाशाचे फड रंगत. गावाकडचा माणूस पाळी संपवून खानावळीत जेवे आणि तेथे येऊन गावाकडची लावणी ऐके. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात (२००४) या सांस्कृतिक जगाचे पुरावे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या उठल्या तशी त्यांच्या आधारावर उभी असलेली करमणुकीची ठिकाणेही उठली. येथेही अभिरुची बदलली असे म्हणणे ही पळवाट ठरेल. प्रेक्षकांचा रोजगार गेला, म्हणून थिएटर गेले.

आणि ही जागा उभी असतानाही तेथे नाचणाऱ्या स्त्रीची स्थिती काय होती? शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) मध्ये तमाशातील दलित स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या तीन संकल्पनांच्या आधारे मांडला. ज्या कलेला महाराष्ट्राची अस्सल कला म्हणून गौरविले जाते, ती सादर करणाऱ्या स्त्रीच्या देहावर अश्लीलतेचा शिक्का मात्र जातीने कायम राहतो, हे त्यांचे प्रतिपादन स्मरणरंजनाच्या मुळाशी जाणारे आहे. गतकाळाच्या लावणीसाठी हळहळणाऱ्या रसिकाला लावणी हवी असते. लावणी करणारीचा शेजार त्याला कधीच नको होता.

६

आठवणीच्या चौकटीत गृहीत असलेली ही उतरंड २००५ साली कायद्याच्या भाषेत उघडपणे लिहिली गेली. मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३-अ आणि ३३-ब घालून मद्यगृहांतील नृत्यावर बंदी आणली गेली. तीन किंवा अधिक तारांकित हॉटेले, जिमखाने आणि क्लब यांना मात्र दुसऱ्या कलमाने वगळले. नाच तोच, जागेचे नाव वेगळे. सुमारे ७५,००० बारबालांच्या रोजगाराचा प्रश्न तेव्हा चर्चेत आला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. त्यात ही वर्गवारी समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरली. नंतर २०१६ साली नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील कित्येक अटी शिथिल केल्या. पण दरम्यानच्या वर्षांत बहुतेक डान्स बार बंद झाले होते आणि तेथील स्त्रिया पांगल्या होत्या.

जॅझच्या दालनांची आठवण काढणाऱ्या लेखनात डान्स बारचा समावेश होत नाही, ही वगळणूक अर्थपूर्ण आहे. रचनेच्या दृष्टीने पाहता दोहोंत साम्य आहे : मद्य, संगीत, दिवे, बाहेरगावाहून आलेले कलावंत आणि पैसे देणारे गिऱ्हाईक. फरक आहे तो भाषेचा, जातीचा आणि गिऱ्हाइकाच्या पतीचा. एका स्थळाला 'युग' म्हटले गेले, दुसऱ्याला 'समस्या'. उद्या कदाचित डान्स बारचेही स्मरणरंजन सुरू होईल. तेव्हाही ते कोणाच्या तोंडून होते हे पाहावे लागेल.

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक पिढी सुवर्णकाळ आपल्या जरा मागे ठेवते आणि त्याचा शोध घेऊ लागले की तो आणखी मागे सरकतो. मुंबईच्या संगीतस्थळांची गोष्ट अशीच आहे. १९७८ साली रंगभवनात झालेल्या पहिल्या जॅझ यात्रेच्या आठवणी काढणाऱ्यांना चर्चगेट स्ट्रीटचे दिवस खरे वाटत; तेथल्यांना ताजचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि महाविद्यालयाला लागून असलेले रंगभवनही त्यात सापडले. उघड्या आकाशाखालचे संगीत तेथून उठले. त्यानंतर रंगभवनच सुवर्णकाळ झाले. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरील ज्या उपाहारगृहाच्या नावात 'जॅझ' हा शब्द होता, त्याच्या नावात पुढे 'पिझ्झा' हा शब्द आला. अशा एकेका बदलाबरोबर आठवणीचा जिना एकेक पायरी सरकत राहतो.

स्वेतलाना बोइम यांनी २००१ साली स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले : गेलेले घर पुन्हा बांधू पाहणारे आणि हरवलेपणाचाच विचार करणारे. मुंबईच्या संदर्भात या विभागणीला एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. येथे विचारायचा पहिला प्रश्न असा, की ते घर नक्की कोणाचे होते. ताजचे दालन वादकाचे घर नव्हते. त्याचे घर कूड होते. आंटीचा अड्डा हे आंटीचे खरोखरच घर होते, पण गिऱ्हाइकाच्या आठवणीत तो केवळ अड्डा आहे. हनुमान थिएटरचा रंगमंच नाचणारीचा होता. त्याखेरीज शहरात तिला स्वतःची म्हणता येईल अशी जागा किती होती, हे आठवणारा सांगत नाही.

समीक्षेपुढील काम यातून स्पष्ट होते. आठवणींचे हे वाङ्मय खोटे ठरवून बाजूला सारण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाची आठवण हाही पुरावाच आहे. मात्र तो गिऱ्हाइकाचा पुरावा आहे, एवढे त्यावर लिहून ठेवले पाहिजे. त्याच्याशेजारी वादकांच्या मुलाखती, गिरणगावचे मौखिक कथन, न्यायालयांचे निर्णय आणि ढसाळांसारख्या कवींची शब्दकळा ठेवून वाचले, म्हणजे कोणत्या वाङ्मयप्रकाराने काय सांगितले आणि काय गाळले हे दिसू लागते. कामगिरी मोठी आहे आणि साधने झपाट्याने कमी होत आहेत. कुडींत राहिलेली, दालनांत वाजविलेली, वस्तीत बाकडी मांडून बसलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. ज्या शहराने आपल्या विरंगुळ्याच्या खोलीला परवान्याचे नाव दिले, त्या शहरात त्या खोलीत राबणाऱ्यांचे कथन टिकवायचे असेल, तर ते या उरलेल्या थोड्या वर्षांतच लिहून घ्यावे लागेल.